सुदैवाबाईचा ड्राफ्ट आणि अकरा वाचक : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

आजपासून नोंदी ठेवायच्या. मागच्या वेळी मुलांनी काय काय सांगितलं ते सगळं डोक्यात ठेवलं आणि दोन महिन्यांत त्यातलं निम्मं उडून गेलं, यावेळी तसं होऊ द्यायचं नाही.

गोष्ट कुठली ते आधी लिहिते. १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं पुस्तक निघालं, मेरी फ्रेअर या बाईंचं. वडील सर बार्टल फ्रेअर, मुंबईचे गव्हर्नर. १८६५-६६ च्या हिवाळ्यात त्यांचा दौरा दक्षिण मराठा मुलखात गेला तेव्हा सोबत मेरी होती आणि मेरीची आया ॲना लिबराटा डिसूझा. ॲनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि मेरीने त्या लिहून काढल्या. एकूण चोवीस. त्यातली एक सोदेवाबाईची. पुस्तकातच नावाचा अर्थ दिलाय, भाग्याची बाई, म्हणजे आपली सुदैवाबाईच की. मी तिला तेच नाव ठेवलंय.

गोष्ट थोडक्यात अशी. राजकन्या जन्मते तीच गळ्यात सोन्याची माळ घालून, आणि तिचा जीव त्या माळेत. माळ काढून दुसऱ्या कुणी घातली की ती मरणार. ती बोलली की तोंडातून मोती पडतात. एका वाढदिवसाला बाप तिला रत्नजडित सपाता देतो, त्यातली एक डोंगरकड्यावरून खालच्या जंगलात पडते, शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते, तो ती घेऊन येतो आणि लग्न होतं. पण त्याची आधीची एक राणी असते. ती दासीकरवी झोपेत माळ चोरवते. सुदैवाबाई मरते, तिला एका छोट्या समाधीत ठेवतात. दासी दिवसभर माळ घालून फिरते आणि रात्री झोपताना काढून ठेवते, त्यामुळे सुदैवाबाई रोज रात्री जिवंत होते आणि सकाळी परत मरते. त्यातच तिला समाधीत मूल होतं.

हे वाचलं तेव्हा तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही. दक्षिण मराठा मुलखात सांगितली गेलेली गोष्ट, आणि मराठीत ती कुणाला माहीत नाही! तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी ती परत मराठीत सांगायची, एवढाच प्रकल्प.

पहिला ड्राफ्ट तयार आहे, ५८ पानं.

१५ जून

वाचक ठरले. आमच्या भागातल्या वाचनालयात दर रविवारी येणारी दहा मुलं, सहा मुली चार मुलगे, आणि अकरावी माझ्या मावसभावाची मुलगी, ती न्यू जर्सीला असते, सोळा वर्षांची. ती देवनागरी वाचते पण सावकाश, म्हणून तिला मी प्रकरणं वाचून व्हॉइस नोट पाठवणार आणि तीही व्हॉइस नोटवरच मत सांगणार. नावं इथे लिहिणार नाही, मुलांना तसं कबूल केलंय.

गेल्या आठवड्यात आधी गूगल फॉर्म पाठवून बघितला होता. गोष्ट आवडली का, कुठलं पात्र आवडलं, काय बदलावं. उत्तरं आली "छान आहे", "खूप छान", "सुदैवाबाई", "काही नाही". सगळी शाळेतल्यासारखी उत्तरं. मुलांना वाटतं आपल्याला तपासतायत. म्हणून आज स्पायरल केलेले प्रिंटआऊट दिले आणि प्रत्येकाला एक पेन्सिल, आणि सांगितलं की प्रश्न नाहीत, मार्क नाहीत, फक्त तीन खुणा. जिथे कंटाळा आला तिथे आडवी रेघ, जिथे पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, जिथे परत वाचावंसं वाटलं तिथे गोल. बास.

एकाने विचारलं, "मॅडम, पहिल्या पानापासूनच आडवी रेघ मारली तर चालेल?" म्हटलं चालेल, पण मग कुठे थांबली तेही दाखव.

२२ जून

दहा प्रती टेबलावर पसरून बसले आणि पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे प्रश्नचिन्हं सगळी माझ्या वाक्यांवर. ॲनाच्या गोष्टीवर नाहीत. जन्मताच गळ्यात माळ, कुणाला काही हरकत नाही. तोंडातून मोती, हरकत नाही, उलट तिथे चार गोल. पण मी जिथे जिथे गोष्ट "आजची" केली होती, म्हणजे सुदैवाबाई धनुर्विद्या शिकते, बापाला भर दरबारात उलट बोलते, लग्नाला नको म्हणून पळून जाते, तिथे सरसकट प्रश्नचिन्हं आणि रेघा.

बोलायला बसलो तेव्हा नववीतली एक म्हणाली, "हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की ती धनुष्य उचलते तेव्हाच कळतं ती जिंकणार." दुसरा म्हणाला की पळून गेली तर तिला भीती कशी नाही वाटली, तिच्या गळ्यात तिचा जीव आहे, रस्त्यात कुणी चोर भेटला तर? मला खरंच उत्तर देता आलं नाही. मी माळ पहिल्या पानावर सांगितली आणि मग थेट पंचविसाव्या पानावर चोरीच्या वेळी आठवली. मधल्या इतक्या वर्षांत त्या मुलीने माळेचा विचारच केला नाही जणू.

आणि मग अकरावीतली एक मुलगी, जी कधीच बोलत नाही, तिने बाही वर केली. दंडावर साखर मोजायचा सेन्सर आहे तिच्या, टाइप वन डायबेटिस, सहाव्या वर्षापासून. ती म्हणाली, "मी झोपताना कुशीवर वळले तरी आधी हात बघते. अंघोळ करताना बघते. कुणी मिठी मारली तर बघते. ही काहीच बघत नाही."

तिच्या प्रतीत पहिल्या वीस पानांत एकच खूण होती, एक मोठं प्रश्नचिन्ह, आणि त्यावर पेन्सिल दोनतीन वेळा फिरवलेली.

घरी येऊन पहिला ड्राफ्ट बाजूला ठेवला. धनुष्य गेलं, पळून जाणं गेलं. आता सुरुवात अंघोळीपासून. दाई तेल लावते, माळ उचलून मान घासते, पण काढत नाही, आणि दाईचा हात दरवेळी थोडा कापतो, आणि मुलगी मोठी होत जाते तसं तिला तो कापरा हात कळायला लागतो. हे लिहिताना मी स्वतः दोनदा गळ्याला हात लावला.

२९ जून

फक्त शब्दांचं काम. ॲना मूळ कुठल्या भाषेत ही गोष्ट ऐकत होती ते तिच्या इंग्रजीच्या खाली गाडलं गेलंय, त्यामुळे प्रत्येक वस्तूचं मराठी नाव मला शोधावं लागतं आणि मुलांना विचारावं लागतं. 'सपाता' हा शब्द दहातल्या एकाला माहीत होता, तोही आजोबा म्हणतात म्हणून. 'मोजडी' सगळ्यांना कळला पण म्हणाले लग्नातला नवरदेव आठवतो. शेवटी सपाता ठेवला. तीनदा आला की कळतोच, आणि एका मुलीला तो इतका आवडला की ती आता घरातल्या स्लीपरलाही सपाता म्हणते.

माळ नुसती माळ नको होती. चपलाहार, पुतळ्यांची माळ, ठुशी, असं सगळं बोलून झालं. ठुशी गळ्याला घट्ट बसते, तान्ह्या बाळाची ठुशी मोठी होताना आवळणार नाही का, हा प्रश्न आठवीतल्याने काढला आणि मग त्यावर अर्धा तास. बोरमाळ ठरली. सोन्याचे पोकळ मणी, बोराएवढे, आणि मुलगी वाढते तसा दरवर्षी एक मणी आपोआप वाढतो. चौदाव्या वर्षी चौदा मणी जास्त. हे मुलांचं आहे, मूळ गोष्टीत नाही, मी तसं प्रस्तावनेत लिहिणार.

'आटपाट नगर होतं' ने सुरुवात करावी का यावर मतं फाटली. सात हो, तीन नाही. न्यू जर्सीवालीला आटपाट म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण म्हणाली, ऐकताना वाटतं की दार उघडलं. ठेवलं.

६ जुलै

आषाढी, चारच जण आले, वाचनालयाच्या काकूंनी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. चार जण असले की बोलणं जास्त चांगलं होतं हे लक्षात ठेवायला हवं.

आज सपातेवर. सगळ्यांना ती सिंड्रेलाची आठवण करून देते हे उघडच आहे, आणि दोघांनी समासात "कॉपी?" असं लिहिलंय. म्हणून थोडं सांगितलं. काचेचा बूट पेरोच्या फ्रेंच पुस्तकात येतो, १६९७. पण त्याच्या आठशेहून जास्त वर्षं आधी चीनमध्ये तुआन छंग-शृने ये-श्येन नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली, नवव्या शतकात, तिचीही सोन्याची चप्पल हरवते. आणि त्याही आधी स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक लेखकाकडे रोडोपिसची हकीकत आहे, गरुड तिची चप्पल उचलतो आणि मेम्फिसला राजाच्या मांडीवर टाकतो. मुलं गप्प ऐकत होती. मग आठवीतला म्हणाला, "म्हणजे सगळ्यांच्याच चपला हरवतात."

पण त्यांनी जे पकडलं ते मी चार महिने या गोष्टीवर काम करून पकडलं नव्हतं. सुदैवाबाईच्या सपातेत कुणी पाय घालून बघत नाही! सपाता कुणाची हे सगळ्यांना माहीतच आहे, राजाने दवंडी पिटलीय, बक्षीस लावलंय. सिंड्रेलाचा बूट ती कोण ते सांगतो. ही सपाता फक्त एक हरवलेली वस्तू आहे आणि तो ती परत आणून देतो. कविता करणारी मुलगी म्हणाली, "पहिली वस्तू पडली ती परत आली म्हणून तिला वाटलं असणार, पडलेलं सगळं परत येतं. मग माळ गेली."

या वाक्यावर मी एक अख्खं प्रकरण उभं करणार आहे. तिला सांगितलंही, की हे तुझं आहे आणि प्रस्तावनेत तुझ्या अक्षरासकट जाणार.

१३ जुलै

वयाचा प्रश्न. मूळ गोष्टीत सुदैवाबाई चौदा वर्षांची आहे आणि सपाता हरवल्यावर लग्नाला फार वेळ लागत नाही. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये गुपचूप अठरा केलं होतं, कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं. कळलं. "अठरा वर्षांची आहे तर आई तिला एकटीला फुलं तोडायला का सोडत नाही?" बरोबर. सगळं वागणं चौदाचं आणि आकडा अठराचा.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये चौदा केलं आणि आज जी चर्चा झाली ती मला जड गेली. एक मुलगा, स्वतः चौदाचा, म्हणाला ती माझ्या वर्गात असती. मग कुणी काही बोलेना. मी सांगितलं की ही गोष्ट लिहून घेतली गेली त्या काळात आपल्याकडे हे रोजचं होतं, आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आतच मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला, ११ व्या वर्षी लग्न लावलेली मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार देते आणि कोर्टात उभी राहते, १८८४ पासून १८८८ पर्यंत ते चाललं, आणि पुढे ती डॉक्टर झाली. मुलींना रखमाबाईंबद्दल आणखी ऐकायचं होतं, गोष्ट तशीच राहिली, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तोडगा असा निघाला. सपाता चौदाव्या वर्षी पडते. सापडते चार वर्षांनी. चार वर्षं पावसात पडून चामडं गेलंय, फक्त रत्नं आणि जर उरलेत. ती आता तिच्या पायाला येणारच नाही, लहानपणाची वस्तू झाली. न्यू जर्सीहून व्हॉइस नोट आली, "ओह, हे मला खूप आवडलं आत्या, कारण आता तो शू निरुपयोगी आहे आणि तरी त्याने तो आणला."

२० जुलै

एका आईचा मेसेज. समाधीत बाळंतपण वगैरे हे या वयाच्या मुलांना कशाला, परीकथा आहे ना. त्यांना फोन केला, पाऊण तास बोललो. त्यांची काळजी खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. त्यांना सांगितलं की झोपलेल्या राजकन्येची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तिचं बासिलेने १६३० च्या दशकात लिहिलेलं इटालियन रूप फार भयंकर आहे, त्यात राजा बेशुद्ध मुलीवर जबरदस्ती करतो आणि तिला झोपेतच जुळी होतात. नंतर पेरो, मग १८१२ पासून ग्रिम बंधू, प्रत्येकाने आपापल्या वाचकांसाठी काय ठेवायचं काय काढायचं ते ठरवलं. ग्रिमांनी तर स्नो व्हाइटच्या सख्ख्या आईची पुढच्या आवृत्तीत सावत्र आई केली. म्हणजे काढणं-ठेवणं हा या कामाचा भागच आहे, मीही ते करतेय, पण ॲनाच्या गोष्टीत जबरदस्ती नाही, नवरा-बायको आहेत, मूल हवंहवंसं आहे. त्या म्हणाल्या आधी ते प्रकरण मला वाचायला द्या. दिलं.

२८ जुलै

रविवारी पाऊस फार म्हणून आज संध्याकाळी बसलो. पहिला श्रावणी सोमवार, त्यामुळे एकीबरोबर तिची आजीही आली, देवळातून येताना. आजींनी पहिल्या राणीचं प्रकरण ऐकलं आणि मान हलवली. "हे उलटं आहे. आपल्या कहाणीत नावडतीच खरी असते."

मी थांबलेच. शिवामुठीची कहाणी मी लहानपणापासून ऐकलीय. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती, तिला उष्टं जेवण, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या बेड्यात राहायला, आणि शेवटी देव तिच्यामागे उभा राहतो. आपल्या कानाला हीच चाल माहीत आहे. आणि सुदैवाबाईच्या गोष्टीत दुसरं लग्न करून आणलेली, लाडकी, मोती सांडणारी ती नायिका, आणि जिच्या डोळ्यांदेखत हे झालं ती पहिली राणी खलनायिका. तिला साधं नावही नाही.

फुटबॉल खेळणारा मुलगा, ज्याच्या प्रतीत आत्तापर्यंत फक्त आडव्या रेघा होत्या, तो म्हणाला, "दुसरं लग्न करताना तिला कुणी विचारलं का?" नाही विचारलं. ना मूळ गोष्टीत, ना माझ्या ड्राफ्टमध्ये. मुली तर तिच्यावर तुटूनच पडल्या, म्हणजे तिच्या बाजूने, तिला अख्खं प्रकरण हवं, तिचं नाव हवं, ती पहिल्यांदा मोती बघते तो प्रसंग हवा. एकीने मात्र ठाम सांगितलं की तिला चांगलं करू नका, तिने खून केलाय, तिला फक्त खरं करा.

"फक्त खरं करा" हे कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

३ ऑगस्ट

दासीचं प्रकरण, आणि यात माझी चूक मोठी आहे.

मूळ इंग्रजीत राणीची दासी आफ्रिकन आहे, आणि तिचा काळा रंग आणि तिचा दुष्टपणा एकत्रच येतात, त्या काळच्या पुस्तकांत येतात तसे. मला ते मुलांपुढे ठेवायचं नव्हतं म्हणून मी दासीच काढून टाकली. राणी स्वतः माळ चोरते आणि पेटीत ठेवते. मला वाटलं प्रश्न सुटला.

सुटला नाही, गोष्टच मोडली. तीन जणांनी एकाच ओळीवर प्रश्नचिन्ह काढलंय. माळ पेटीतच आहे तर सुदैवाबाई रात्री जिवंत कशी होते? दुसऱ्याने घातली की मरणार आणि उतरवली की जगणार, हा नियम आहे. माळ कुणीतरी रोज घालायला हवी आणि रोज काढायला हवी. दासी गेली की रात्र गेली, आणि ही गोष्ट तर सगळी रात्रीवरच उभी आहे.

मग मी मुलांना खरं कारण सांगितलं, मूळ पुस्तकात काय आहे आणि मी का काढलं. इतिहास वाचणारा एक आहे, त्याने लगेच मलिक अंबर काढला, हबशी गुलाम म्हणून आला आणि निजामशाही चालवली, औरंगाबादची नहर त्याची, आणि जंजिरा सिद्दींचा. "म्हणजे तेव्हा इथे आफ्रिकन लोक होतेच, मग दासी आफ्रिकन असू शकते, पण वाईट त्यामुळे असू शकत नाही." एका मुलीचं म्हणणं वेगळं होतं, की रंग सांगायचाच कशाला, राणीचा सांगितलाय का? राजाचा सांगितलाय का?

ठरलं नाही. दासी परत येणार एवढं ठरलं.

१० ऑगस्ट

आजची नोंद नीट लिहायला हवी, डोकं अजून तापलंय.

सेन्सरवाली मुलगी, जिने २२ जूनला बाही वर केली होती, आज मागचं प्रकरण वाचून आली आणि म्हणाली, "मला एक विचारायचंय. एवढी मोठी चोरी केलीय, राणीने सांगितलंय की ही घातली तरच ती मेलेली राहील, तर मग दासी रात्री माळ का काढते? विसरते रोज?"

मूळ गोष्टीत कारण साधं आहे, झोपताना दागिने काढतात. मीही तसंच लिहिलं होतं.

ती म्हणाली, "मुद्दाम काढत असेल."

खोलीत एकदम आवाज झाला. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मुद्दाम काढते, म्हणजे तिला माहीत आहे की पलीकडे समाधीत कुणीतरी श्वास घेणार आहे. मग सकाळी परत का घालते? राणी बघते म्हणून. राणी रोज सकाळी तिचा गळा बघते. मग पळून का जात नाही? कुठे जाणार, दासी आहे. मग राजाला का सांगत नाही? चोरी तिनेच केलीय, तिचंच डोकं जाणार. म्हणजे तिच्या हातात फक्त रात्र आहे. तेवढीच ती देते.

फुटबॉलवाला म्हणाला हे फार गोड होतंय, चोर लगेच चांगली झाली. त्यावर जे उत्तर आलं ते मी शब्दशः उतरवून घेतलंय. "चांगली नाही झाली. चांगली असती तर पहिल्याच दिवशी परत दिली असती. ती अर्धीच चांगली आहे. बारा तास."

मी पाच महिने या गोष्टीत "आजचं" काय घालायचं ते शोधत होते आणि बाहेरून आणून काय काय चिकटवलं, धनुष्य, उलट उत्तरं, पळून जाणं. आणि ती जागा गोष्टीतच होती, ॲनाच्या आजीपासून चालत आलेल्या एका साध्या वाक्यात, की ती रात्री माळ काढून ठेवायची. मी ते वाक्य नुसती सोय समजून वाचत होते. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने विचारलं, का काढते.

दासीचं नाव, गाव, भाषा सगळं येणार आता. ती समुद्रापलीकडून आलेल्यांची नात आहे हे एकदा येईल, तिच्या स्वतःच्या तोंडून, तिच्या आजीच्या गाण्यात. बाकी कुणी तिच्या रंगाबद्दल बोलणार नाही.

२४ ऑगस्ट

तिसरा ड्राफ्ट वाटला. परवा बैलपोळा झाला, आता गणपतीची गडबड सुरू, तरी आठ जण आले.

बाळाचं प्रकरण. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ते पुढे ढकलून राजवाड्यात नेलं होतं, या वेळी जिथे होतं तिथे परत ठेवलं. रात्री बाळ जन्मतं, उजाडतं, आई मरते, आणि बाळ दिवसभर एकटं रडतं, आणि नेमका त्या दिवशी राजा समाधीकडे येत नाही. हे सगळं मूळ गोष्टीत असंच आहे. मी फक्त दिवस लांबवला, ऊन कसं सरकतं, मुंग्या, कावळा, सावली बाळाच्या पायापासून तोंडापर्यंत येते.

आठ प्रतींमध्ये या चार पानांवर एकही रेघ नाही. एकही प्रश्नचिन्ह नाही. एका प्रतीत गोल काढताना कागद फाटलाय. ज्या आईने मेसेज केला होता त्यांनी मुलीबरोबर प्रत परत पाठवली, आत चिठ्ठी, "ठेवा."

मी मुलांना ॲनाबद्दल सांगितलं. मेरी फ्रेअरने गोष्टींच्या आधी ॲनाचं स्वतःचं बोलणं छापलंय, ती कुठली, घरचे कोण, आजी कशी होती. नवरा वारलेला. मुलगा नदीत बुडून गेलेला. आणि ती ही गोष्ट सांगते, त्यात आई रोज रात्री उठून बाळाला घेते. कुणी काही बोललं नाही. कविता करणारी मुलगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मीही जास्त बोलले नाही, कारण ॲनाच्या मनात काय होतं ते तिने सांगितलेलं नाही आणि आपण तिच्या तोंडी घालू नये.

१४ सप्टेंबर

शेवट. मूळ गोष्टीत माळ परत मिळते, सुदैवाबाई कायमची उठते, आणि गुन्हेगारांना कैद. मुलांना कैद पटत नाही पण सोडून दिलेलंही पटत नाही. तीन मतं पडली.

एक, राणीने आयुष्यभर समाधीची झाडलोट करायची. यावर लगेच हरकत, की ही मंदिरात सेवा केल्यासारखी शिक्षा झाली. दोन, राजालाच जाब विचारा, दोन्ही बायकांचं त्याने काय केलं. हे न्यू जर्सीहून आलं, सहा मिनिटांची व्हॉइस नोट, अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत, चिडलेली, आणि मला ती फार आवडली. तीन, दासीचं काय? तिला बारा तासांची शिक्षा आणि बारा तासांची माफी, असं कसं देणार?

मी राजाच्या मागे लागले. सुदैवाबाई उठल्यावर पहिल्यांदा बोलते ते त्याच्याशी, आणि विचारते की तू रोज यायचास, मग त्या एका दिवशी का नाही आलास. तो उत्तर देत नाही. तोंडातून मोती पडतात आणि यावेळी ते उचलायला कुणी वाकत नाही. दासी आणि सुदैवाबाई समोरासमोर येतात तो प्रसंग दहा वेळा लिहिला, दहाही वेळा दोघी फार बोलतात.

२८ सप्टेंबर

चौथा ड्राफ्ट फक्त तिघांना दिला, सेन्सरवाली, फुटबॉलवाला, आणि आजी.

आजींनी एक शब्द बदलला. 'समाधी' हा शब्द त्यांना खटकत होता, समाधी साधूसंतांची असते म्हणाल्या, आणि त्यांनी 'छत्री' सुचवला. बरोबर आहे, राजघराण्यातल्यांची छत्री असते, शिंद्यांची छत्री इथे वानवडीलाच आहे. सगळीकडे बदलला, बासष्ट ठिकाणी.

फुटबॉलवाल्याच्या प्रतीत पहिल्यांदा दोन गोल आलेत, दोन्ही पहिल्या राणीच्या प्रकरणात. त्याने तिला नावही सुचवलंय. ठेवलं.

सेन्सरवालीने प्रत परत देताना शेवटचं पान उघडून दाखवलं. दासी हात पुढे करते, बोरमाळ तळव्यावर, सुदैवाबाई ती उचलते आणि स्वतःच्या हाताने गळ्यात घालते, जन्मापासून पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने. त्याखाली मी एक परिच्छेद लिहिला होता, दोघी काय बोलतात, माफी, डोळ्यांत पाणी वगैरे. त्या परिच्छेदावर वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा.

"कंटाळा आला?" मी विचारलं.

"नाही. हुक लागतोय की नाही ते बघायचंय तिला. तेव्हा कुणी बोललेलं नको असतं."

परिच्छेद काढला. आता ४१ पानं. उद्या प्रूफं काढायला देते.